इंजिन बदललेली जुनी डिझेल पिकअप घ्यावी का? पहिल्या फोनपासून भाव ठरवण्यापर्यंत

जुन्या डिझेल पिकअपच्या जाहिरातीत ‘इंजिन नवीन टाकलंय’ असं वाचलं की बहुतेक जण मनातल्या मनात गाडीचं निम्मं वय वजा करतात. विकणाऱ्याची अपेक्षाही तीच असते. माझा आग्रह आहे की असं करू नका. इंजिन बदललं ही गाडीची जमेची बाजू नाही आणि खोटही नाही. त्याची किंमत तीन गोष्टी कळल्यावरच ठरते. जुनं इंजिन कशामुळे गेलं, जाताना त्याने आणखी काय काय खराब केलं, आणि बदलल्यानंतर गाडी ओझं घेऊन किती चालली. ही उत्तरं समाधानकारक असतील तर अशी गाडी मूळ इंजिनवाल्या गाडीपेक्षा चांगला सौदा ठरू शकते. नसतील तर भाव कितीही कमी असला तरी ती स्वस्त नाही.

पिकअप घेणाऱ्याचं काम, आणि पुष्कळदा पोटही, त्या गाडीवर असतं. म्हणून ही तपासणी घाईत उरकू नका. दोन फेऱ्या आणि मेकॅनिकचे पैसे हा खर्च धरूनच निघा.

पहिली पायरी: टाकलेलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा

गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच हे विचारता येतं. ‘नवीन’ म्हणून सांगितलेल्या इंजिनामागे साधारण चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

सगळ्यात जास्त आढळतं ते दुसऱ्या गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन. अपघातात गेलेल्या किंवा मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन उचलून या गाडीत बसवलेलं असतं. ते चांगलं असू शकतं, पण ते किती चाललं होतं हे सांगणारा कागद बहुधा नसतो. विकणारा सांगेल तो आकडा तुम्हाला पडताळता येणार नसेल, तर तो आकडा हिशोबात धरू नका.

दुसरा प्रकार म्हणजे याच गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलेलं. यात लायनर किंवा बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम असं सगळं येतं, किंवा यातलं थोडंच येतं. ‘फुल इंजिन काम’ म्हणून नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदललेली इंजिनं पुष्कळ असतात. इथे सगळा भरवसा मशीन शॉपवर असतो. म्हणून बिलासोबत मोजमापाची चिठ्ठी मागा: बोअर किती ओव्हरसाइज केला, क्रँक किती घासला. क्रँकसाठी ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग टाकल्याची नोंद असली, तर कुणीतरी मायक्रोमीटर हातात घेऊन काम केलं आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरा प्रकार कारखान्यात पुनर्निर्मित केलेलं, म्हणजे रीमॅन्युफॅक्चर्ड इंजिन. त्यात इंजिन पूर्ण सुटं करून, मोजून, मर्यादेबाहेर गेलेला प्रत्येक भाग बदलून पुन्हा जुळवलेलं असतं. त्याला स्वतःचा नंबर, पाटी आणि वॉरंटी असते. चौथा प्रकार कोरं नवं इंजिन. जुन्या गाडीत ते क्वचितच सापडतं.

प्रकार कळल्यावर लगेच विचारा की हाफ इंजिन आलं की पूर्ण. हाफ इंजिनात ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन एवढंच येतं, हेड जुनंच चढवतात. लाँग ब्लॉकमध्ये हेड आणि व्हॉल्व्हची यंत्रणाही येते. पण टर्बो, नोझल, हाय-प्रेशर पंप, ऑइल कूलर, वॉटर पंप या गोष्टी बहुतेक वेळा कशातच नसतात. त्या जुन्याच काढून नव्या इंजिनावर लावल्या जातात. डिझेलमध्ये खर्चाचा मोठा वाटा नेमका याच भागांवर असतो.

दुसरी पायरी: जुनं इंजिन कशामुळे गेलं?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. डिझेल इंजिन सहसा विनाकारण मरत नाही. काहीतरी त्याला मारतं, आणि ते कारण पुष्कळदा इंजिनाच्या बाहेर, गाडीतच राहिलेलं असतं. तिथेच नवं इंजिन बसवलं तर तेही त्याच वाटेने जातं.

इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर, फॅनचा क्लच, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलले का ते विचारा. अर्धा चोंदलेला रेडिएटर रिकाम्या गाडीत काटा हलू देत नाही. ओझं घेऊन चढावर लागलं की तापमान चढतं. म्हणजे विकणाऱ्याने दोन महिने शहरात गाडी फिरवली, काही झालं नाही, आणि तरीही दोष जागेवर आहे.

नोझल अडकून उघडी राहिली की सिलिंडरमध्ये कच्चं डिझेल ओतलं जातं. त्याने पिस्टनचा माथा वितळतो, नाहीतर भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन जाऊन बोअर घासतो. एका नोझलमुळे इंजिन गेलं आणि फक्त तीच एक बदलली असेल, तर उरलेल्या तितक्याच वयाच्या आहेत हे विसरू नका.

हाय-प्रेशर पंप फुटला असेल तर सगळ्यात जास्त सावध व्हा. कॉमन रेल यंत्रणेत (यात ‘रेल’ नावाच्या एकाच नळीतून सगळ्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल मिळतं) दाब २,००० बारच्या आसपास जाऊ शकतो, आणि पंपाला वंगण मिळतं ते फक्त डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आली की पंपाचे भाग एकमेकांवर घासून धातूचा भुगा सुटतो. हा भुगा रेलमध्ये जातो, नोझलमध्ये जातो, परतीच्या पाइपातून टाकीत जातो आणि तिथून पुन्हा फिरतो. बॉशचा सीपी-४ मालिकेचा पंप या प्रकारच्या बिघाडासाठी फार चर्चेत राहिला. त्यातला सीपी-४.२ हा २०११ ते २०१६ च्या जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स एलएमएल इंजिनावर आणि २०११ पासूनच्या फोर्डच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोकवर होता. अशा बिघाडानंतर पंप, रेल, सगळ्या नोझल आणि हाय-प्रेशर पाइप बदलून टाकी उतरवून धुतली असेल, तरच काम पूर्ण झालं म्हणायचं. बिलात टाकीचा उल्लेख नसेल तर मी पुढे जात नाही.

बेअरिंग जाऊन क्रँक खराब झाला असेल तर धातूचे कण ऑइलसोबत सगळीकडे गेलेले असतात. ते बसून राहतात ऑइल कूलरच्या बारीक फटींमध्ये, आणि तिथून त्यांना पूर्ण धुऊन काढणं जवळजवळ अशक्य असतं. नवं इंजिन सुरू झालं की गरम ऑइल तेच कण सोडवून नव्या बेअरिंगवर नेऊन टाकतं. म्हणून प्रश्न नेमका विचारा: ‘ऑइल कूलर नवा टाकला की धुऊन लावला?’ टर्बो फुटला असेल तर हाच प्रश्न इंटरकूलरबद्दल. पंख्याचे तुकडे आणि साचलेलं ऑइल तिथे अडकून बसतं आणि एक दिवस नव्या इंजिनात ओढलं जातं.

धुळीने इंजिन गेलेलं सहसा कुणी सांगत नाही, कारण ते मालकालाही माहीत नसतं. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप फाटलेला असतो किंवा क्लिप ढिली असते, आणि बारीक धूळ वर्षभर आत जात राहते. तुम्ही स्वतः तो पाइप सोडवून आत बोट फिरवा. बोटाला कोरडी धूळ लागली तर नवं इंजिनही झिजायला लागलं आहे.

टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, हे कारण ऐकून मला उलट बरं वाटतं. नुकसान मोठं, पण ते बहुतेक इंजिनाच्या आतच संपतं. कूलर, टाकी, रेडिएटर यांना त्याचा स्पर्श होत नाही.

आणि प्रत्येक मॉडेलची स्वतःची दुखणी असतात, ती आधी वाचून जा. फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये ऑइल कूलरच्या पाण्याच्या वाटा बुजतात, त्यामुळे ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलरला पाणी कमी पडून तो फुटतो, आणि पुढे हेड गॅस्केट जातं. त्या गाडीत तसंच दुसरं इंजिन जुन्या कूलरसह बसवणं म्हणजे तीच साखळी पुन्हा सुरू करणं. कमिन्सच्या जुन्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर इंजिनात टायमिंग गिअरच्या घरातली एक छोटी डॉवेल पिन सुटून गिअरमध्ये पडू शकते. ती अडवायला एक साधी पट्टी बसवतात. इंजिन बाहेर काढलेलं असताना हे काम केलं का, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मेकॅनिक त्या इंजिनाला किती ओळखत होता ते कळतं.

विकणारा म्हणाला, ‘मी घेतली तेव्हाच इंजिन बदललेलं होतं, कारण माहीत नाही’, तर तो खोटं बोलतोय असं नाही. पण मग ज्या गॅरेजमध्ये काम झालं तिथे फोन करा. काम करणाऱ्याला मेलेलं इंजिन सहसा आठवतं.

तिसरी पायरी: कागद आणि नंबर

ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर स्वतः बघा, फोटो काढा, आणि तो बिलावरच्या नंबरशी जुळवा. नोंदणीपत्रावर इंजिन नंबर लिहिला जात असेल तर तिथेही हाच नंबर हवा. बदल नोंदवलेला नसेल तर तो नोंदवून घेणं हे विकणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. नंबराची जागा ग्राइंडरने घासलेली दिसली किंवा आकडे एका ओळीत नसले तर तिथूनच परत फिरा. भाव विचारायचीसुद्धा गरज नाही.

बिलावर तारीख, त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग, भागांची यादी आणि मजुरी हवी. वॉरंटी असेल तर तिचा कागद पूर्ण वाचा. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, मजुरी धरलेली आहे का, आणि ओझं वाहणाऱ्या किंवा व्यवसायातल्या गाडीला ती लागू आहे का. पुनर्निर्मित इंजिनाच्या वॉरंटीत पुष्कळदा अट असते की ऑइल कूलर नवा टाकल्याचा, नोझल तपासल्याचा पुरावा हवा. तो पुरावा नसेल तर वॉरंटीचा कागद असून नसल्यासारखा.

आता बदल कधी झाला ते बघा. काल-परवा इंजिन बसवून आज विकायला काढलेली गाडी मला सगळ्यात कमी पसंत पडते. चुकीचा कसलेला बोल्ट, नीट न बसलेलं गॅस्केट, बंद राहिलेली ऑइलची वाट, हे दोष पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये बाहेर येतात, आणि ते बाहेर येण्याआधीच गाडी तुमच्याकडे आलेली असते. साधारण १५ ते ४० हजार किलोमीटर, सगळे ऋतू आणि ओझ्याचं काम झालेलं इंजिन मी निवडेन. त्याने स्वतःची परीक्षा दिलेली असते. ताजं काम करून विकण्यामागे खरी कारणंही असतात, कुणाचा व्यवसाय बंद होतो, कुणाला पैशांची नड असते. पण मग भावात त्या न झालेल्या परीक्षेची वजावट हवी.

चौथी पायरी: गाडी थंड असताना बॉनेट उघडा

फोनवर सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लॉकला आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावणं. कोमट लागलं तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. थंड डिझेल जे सांगतं ते गरम डिझेल लपवतं.

रात्रभर उभ्या गाडीचा पाण्याचा पाइप दाबून बघा. तो फुगलेला आणि कडक असेल तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरल्याची शंका घ्यायची. टोपण उघडून पाण्याचा रंग बघा, वर ऑइलचा तवंग आहे का बघा. डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यात काही वावगं नाही. पण पातळी खुणेच्या वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर नोझल किंवा पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, त्याचं रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) अर्धवट राहिलं तरीही तसं होतं. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी.

मग बसवणाऱ्याच्या हाताचा अंदाज घ्या. वायरिंगचे पट्टे मूळ जागी अडकवलेत की हार्नेस एक्झॉस्टजवळ लोंबतोय, अर्थच्या पट्ट्या लावल्यात का, उष्णता अडवणारे पत्रे परत बसवलेत का, ब्रॅकेटचे सगळे बोल्ट आहेत का. गॅस्केटच्या कडेने सिलिकॉन भरभरून बाहेर आलेलं असेल तर तेवढंच आतही गेलेलं असतं, आणि त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीपर्यंत पोचतात. एसी चालत नसेल तर ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. इंजिन काढताना सोडवलेले पाइप परत जोडलेच नाहीत असंही असतं.

पाचवी पायरी: थंड स्टार्ट

एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मागे धुराकडे बघावं. ग्लो प्लगचा दिवा विझल्यावर इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढरा-करडा धूर मिनिटभरात गेला तर ठीक. तो टिकला आणि डोळ्यांना झोंबला तर न जळलेलं डिझेल आहे, म्हणजे कमी कॉम्प्रेशन, खराब नोझल किंवा ग्लो प्लग. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. ओझ्यावर जोर देताना काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: टर्बोचा पाइप फुटलेला, ईजीआर अडकलेला किंवा कुणीतरी ट्यूनिंग केलेलं.

इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून जागेवरच उलटं ठेवा. हलका फुसफुसाट डिझेलला असतोच. झाकण उडून पडत असेल आणि तोंडातून वाफेसारखा धूर जोरात येत असेल तर मोठा ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली गळतोय, गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. काही मॉडेलमध्ये झाकणाच्या जागेमुळे निरोगी इंजिनही ते हलवतं, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. शक्य असेल तर त्याच मॉडेलची एक चांगली गाडी आधी बघून ठेवा. नव्या बांधलेल्या इंजिनाला ब्लो-बाय जास्त असेल तर बहुधा रिंगा बसलेल्या नाहीत. सुरुवातीच्या काळात इंजिन तासन्‌तास रिकामं चालू ठेवलं की बोअरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. मग ते नवं इंजिन आयुष्यभर ऑइल खातं.

सहावी पायरी: स्कॅनर

फॉल्ट कोड आहेत की नाहीत एवढ्यावर थांबू नका. कोड पुसून किती किलोमीटर झाले हे बहुतेक गाड्यांमध्ये वाचता येतं. तो आकडा दहा-वीस असेल तर तुम्ही येणार म्हणून ते पुसले आहेत. रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून बघा, दोन्ही एकत्र चढले-उतरले पाहिजेत. प्रत्येक नोझलची करेक्शन व्हॅल्यू (संगणक तिचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा, एकच सिलिंडर बाकीच्यांपासून फार दूर असेल तर तिथे काहीतरी आहे. कॉमन रेलच्या बऱ्याच नोझलवर स्वतःचा कोड असतो आणि नोझल बदलली की तो इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. मेकॅनिककडून ते कोड जुळवून घ्या. न जुळणं म्हणजे घाईचं काम.

इंजिनाचे तास दाखवणारा मीटर असेल तर किलोमीटरला तासांनी भागा. सरासरी ताशी ५० च्या आसपास असेल तर गाडी रस्त्यावर चाललेली आहे. २० च्या आसपास असेल तर ती उभी राहून घरघरत होती, आणि गिअरबॉक्सपेक्षा डीपीएफ, ईजीआर यांनी जास्त सोसलेलं आहे.

डीपीएफबद्दल एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या इंजिनाने मरताना जे ऑइल आणि कूलंट जाळलं त्याची राख याच फिल्टरमध्ये बसलेली असते. काजळी रीजनरेशनमध्ये जळते, राख जळत नाही. इंजिन बदललं, डीपीएफ जुनाच, तर मागचा दाब वाचून घ्या. आणि डीपीएफ काढून टाकलेली गाडी, किंवा वेगळ्या उत्सर्जन मानकाचं इंजिन बसवलेली गाडी, तपासणीत अडकू शकते. ते तुमच्याकडे नियमात बसतं का, याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा.

सातवी पायरी: ट्रायल, तीही ओझ्यासह

दहा मिनिटांची चक्कर काहीच सांगत नाही. किमान पाऊण तास, त्यात लांब चढ आणि वेगाचा रस्ता हवाच, आणि मागे खरं ओझं भरून. विकणारा याला तयार नसेल तर त्याचंही मला उत्तर मिळालं.

चढावर पाण्याचं आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर एकत्र बघत राहा. फोर्डच्या त्या ६.० लिटर इंजिनासाठी ठोकताळा असा आहे की गरम झाल्यावर एकसारख्या वेगाने चालताना दोन्हींमधला फरक ८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर ऑइल कूलर बुजतोय. बाकी इंजिनांनाही तत्त्व तेच लागू, आकडा त्या त्या मॉडेलचा शोधा. ऑइलचा दाब गरम इंजिनावर, आयडलला बघा. झिजलेल्या बेअरिंगचा पत्ता तिथे लागतो. सामान्य ठोकताळा दर हजार आरपीएममागे सुमारे ०.७ बार असा आहे. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. काही मॉडेलमध्ये त्यामागे नुसता स्विच असतो आणि काटा खोटाच मध्यभागी उभा राहतो.

परत आल्यावर इंजिन बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा स्टार्ट करा. थंड असताना पटकन लागलेली गाडी गरम असताना रेंगाळली तर पंप थकलेला आहे किंवा नोझलमधून परतीला जास्त डिझेल जातंय, कारण गरम डिझेल पातळ होऊन गळती वाढते. बऱ्याच खरेदीदारांची तपासणी इंजिन गरम होण्याआधी संपते, म्हणून हा दोष निसटतो. मग गाडीखाली वाकून गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या जोडावर ओल आहे का बघा. तिथला ऑइल सील बदलायचा तर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आठवी पायरी: पैसे देऊन करायच्या चाचण्या

इथवर गाडी टिकली तर आता तटस्थ मेकॅनिक. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, इंजिन बसवणारा तर नकोच.

कॉम्प्रेशन चाचणीत डिझेलचे आकडे साधारण २० ते ३५ बारमध्ये येतात. नेमकी मर्यादा कंपनीच्या पुस्तकातून घ्या. पण आकड्यापेक्षा समानता महत्त्वाची: सिलिंडरा-सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. नोझल किंवा ग्लो प्लग काढणं परवडत नसेल तर स्कॅनरने किंवा स्टार्टरच्या करंटवरून सापेक्ष कॉम्प्रेशन तरी बघून घ्या. पाण्यात ज्वलनाचा वायू शिरतोय का यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. वायू असेल तर रंग बदलतो, पेट्रोल इंजिनात तो पिवळा होतो, डिझेलला हिरवट. नोझलच्या परतीच्या डिझेलचं माप हीही स्वस्त आणि फार बोलकी चाचणी आहे.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. लोखंड, शिसं, तांबं बोअर आणि बेअरिंगबद्दल सांगतात, सिलिकॉन धुळीबद्दल, सोडियम-पोटॅशियम कूलंटबद्दल. मात्र नुकत्याच बांधलेल्या इंजिनात रिंगा बसताना धातू जास्त येतो आणि गॅस्केटच्या सीलंटमुळे सिलिकॉनही चढतं. पहिल्या नमुन्यावरून घाबरून जाऊ नका. आणि नमुना देण्याआधी ऑइल कालच बदललेलं नाही ना, हे विचारून घ्या.

नववी पायरी: इंजिनाभोवतीची गाडी

सगळ्यांचं लक्ष इंजिनावर खिळलेलं असतं तेव्हा बाकी गाडी निसटते. इंजिन बदललं म्हणून गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाटे आणि चॅसी तरुण होत नाहीत. त्यांचं वय ओडोमीटर सांगतो तेवढंच. चॅसीवर हातोडीने हलकं ठोकत जा, विशेषतः पाट्यांच्या हँगरजवळ. गंजाचे पापुद्रे सुटले किंवा वेल्डिंगचे नवे टाके दिसले तर मला पुढे बघायचं नसतं. इंजिन बदलता येतं, कुजलेली चॅसी घेऊन काही करता येत नाही.

दहावी पायरी: भाव

विकणारा इंजिनाचं बिल गाडीच्या किमतीत मिळवून सांगेल. ते मान्य करू नका. त्याने तो खर्च गाडी चालती ठेवण्यासाठी केला, आणि चालती गाडी हीच तर तो विकतोय. पाया असा धरा: याच मॉडेलची, याच वर्षाची, इतकीच चाललेली, मूळ इंजिन ठणठणीत असलेली गाडी ज्या भावाला जाते तो भाव म्हणजे १००.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. पुनर्निर्मित इंजिन, पूर्ण बिल, कूलर आणि नोझल नव्या, आणि वर २० हजार किलोमीटर ओझ्याने चाललेली: १०५, फार तर ११०. मोजमापाच्या चिठ्ठीसह नीट बांधलेलं आणि तितकंच चाललेलं: १००. तेच काम पण परवाच झालेलं: ९०. वापरलेलं इंजिन, चाचण्या चांगल्या, कागद अपुरे: ८० ते ८५. कारण माहीत नाही, बिल नाही, चाचणी करू देत नाही: मग १०० मधून नव्या इंजिनाचा आणि ते बसवण्याचा सगळा खर्च वजा करा, उरेल तो भाव. विकणारा हा भाव सहसा मान्य करत नाही, आणि ते तुमच्या फायद्याचंच आहे.

भाव कितीही चांगला जमला तरी किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम हातात ठेवून मगच होय म्हणा. ती नसेल तर आणखी छोटी किंवा साधी गाडी बघणं शहाणपणाचं, कारण डिझेलचा एक बिघाड तेवढे पैसे सहज घेतो. इसार देताना लेखी अट घाला: इंजिन नंबर नोंदला जाईल, बिलं मूळ प्रतीत मिळतील, आणि ठरलेल्या चाचणीत दोष निघाला तर इसार परत.

गाडी घेतल्यानंतरचे पहिले दिवस

ताब्यात आल्याच दिवशी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, विकणाऱ्याने ‘कालच केलं’ म्हटलं तरी. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. चमकणारे कण मोजण्याइतके दिसले तर लगेच मेकॅनिककडे जा. डिझेल फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यावर चुंबक फिरवा. कूलंट कुठलं आहे ते कळत नसेल तर पूर्ण काढून एकाच प्रकारचं भरा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी ऑइल आणि पाण्याची पातळी वहीत लिहा. १,००० किलोमीटरला ऑइलचा नमुना द्या, ५,००० ला दुसरा. दुसऱ्या नमुन्यात दर हजार किलोमीटरमागे लोखंड आणि सिलिकॉन खाली आलेलं दिसलं, की मग पूर्ण क्षमतेचं ओझं भरा किंवा जड ट्रेलर जोडा.